आर्च फोल्डरमधली ती एक जादा ओळ

गेल्या महिन्यात सावद्याच्या एका विद्यार्थ्याचा फोन आला. "ताई, लिनक्स कर्नलमध्ये सुरुवात कुठून करू? ड्रायव्हर लिहायला माझ्याकडे हार्डवेअरच नाही." रावेर तालुक्यातल्या आमच्या घरी, आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपसमोर बसून मलाही कधीकाळी हाच प्रश्न पडला होता. मी त्याला म्हटलं, कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, कोडमधलं आर्च फोल्डर उघड, एकाच कामाच्या कोडच्या दोन प्रती शोध आणि त्यांची एक कर.

त्या फोल्डरात प्रोसेसरच्या प्रत्येक प्रकाराचा, म्हणजे आर्किटेक्चरचा, वेगळा संसार आहे: एक्स८६, आर्म६४, रिस्क-फाइव्ह, पॉवरपीसी, एस३९०. लिनक्सची सुरुवात १९९१ मध्ये इंटेलच्या ३८६वर झाली. पुढे नवा प्रोसेसर आला की आधीच्या एखाद्याचा कोड उचलायचा आणि लागेल तेवढा बदलायचा, असं पुष्कळदा झालं. मग एका प्रतीतली चूक दुरुस्त होते आणि बाकीच्यांत तशीच राहते. सिस्टिम कॉलच्या, म्हणजे प्रोग्रॅमने कर्नलकडे केलेल्या मागणीच्या, उंबरठ्यावर ट्रेसिंग (मागणीचा माग ठेवणं), सेककॉम्प (नको त्या मागण्या अडवणं), सिग्नल (प्रोग्रॅमला सूचना पोचवणं) यांची कामं असतात. तीही प्रत्येक आर्किटेक्चर आपापल्या पद्धतीने करत असे. २०२० मध्ये ५.९ आवृत्तीत कर्नल विकसक थॉमस ग्लाइक्सनर यांच्या कामातून त्यासाठी सामाईक कोड आला. आधी एक्स८६ने तो घेतला, नंतर एस३९० आणि रिस्क-फाइव्हने.

सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण मात्र त्याआधीचं आहे. एक्स८६साठीच ३२ बिटांचं आय३८६ आणि ६४ बिटांचं एक्स८६-६४ ही दोन वेगळी फोल्डर होती. ग्लाइक्सनर आणि इंगो मोल्नार यांनी ती एक केली. २००८च्या जानेवारीत आलेल्या २.६.२४ आवृत्तीत ती एकत्र दिसली. त्यांनी पहिल्याच दिवशी कोड मिसळला नाही. दोन्ही फायली एका फोल्डरात शेजारी ठेवल्या, नावांच्या शेवटी ३२ आणि ६४ लावलं, आतल्या तर्काला हात लावला नाही. एकेक जोडी सावकाश एक होत गेली ती नंतर. मला हा धीर फार मोलाचा वाटतो, कारण माझ्याकडे तो नव्हता.

माझ्या पहिल्या पॅचमध्ये, म्हणजे कोड बदलण्याच्या प्रस्तावात, एका लहान फंक्शनच्या दोन प्रती होत्या, एक्स८६ची आणि आर्म६४ची. दोन्ही जवळजवळ सारख्या. आर्म६४मध्ये फक्त मेमरी बॅरियरची, म्हणजे मेमरीतली कामं ठरल्या क्रमाने करायला लावणारी, एक ओळ जादा. एक्स८६ची प्रत नीटनेटकी दिसली, म्हणून तीच सामाईक केली आणि ती ओळ उडवली. क्यूएमूवर, म्हणजे दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर, आर्म६४ बूट झालं, चाचण्या पास झाल्या. मी खुशीत पॅच पाठवला.

दुसऱ्या दिवशी तो कोड सांभाळणाऱ्या एका मेंटेनरने एवढंच विचारलं: ही ओळ का काढली? माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग गिट लॉगमध्ये, म्हणजे कोडच्या बदलांच्या नोंदवहीत, त्या फंक्शनचा इतिहास काढला. ती ओळ कोणीतरी खूप वर्षांपूर्वी, प्रत्यक्ष बोर्डावर क्वचित होणाऱ्या बिघाडानंतर घातली होती. एक्स८६वर एका कोअरने मेमरीत केलेली लेखनं दुसऱ्या कोअरला त्याच क्रमाने दिसतात. आर्म६४ तशी हमी देत नाही, तिथे क्रम सांगावा लागतो. आणि माझं क्यूएमू इंटेलच्या लॅपटॉपवर चालत होतं, म्हणजे खाली प्रोसेसर एक्स८६चाच. तिथे तो दोष मला दिसणं जवळपास अशक्य होतं.

तेव्हापासून मी दोन प्रतींचा डिफ, म्हणजे फरकांची यादी, काढते आणि प्रत्येक फरकासाठी 'हा का आहे' याचं उत्तर इतिहासात शोधते. बहुतेक फरक निव्वळ नावांचे किंवा मोकळ्या जागांचे निघतात. उरलेले एक-दोन खरे असतात आणि सगळा वेळ त्यांच्यावरच जातो. खरा फरक पुसायचा नाही, त्याला सामाईक कोडमध्ये जागा करून द्यायची. आप्पांनी केळीच्या दोन तुकड्यांना एकच मोटर जोडली, पण काळ्या जमिनीला आणि मुरमाड जमिनीला व्हॉल्व्ह वेगळे ठेवले, तसं. कर्नलमध्ये असा व्हॉल्व्ह म्हणजे केकॉन्फिगमधला (कर्नलचे पर्याय ठरवणाऱ्या फायलींतला) 'सिलेक्ट', किंवा आर्किटेक्चरने स्वतःची व्याख्या दिली नसेल तरच लागू होणारी सामाईक व्याख्या.

त्या मुलाला मी पुढे सांगितलं: अगदी पहिलं काम हवं असेल तर हेडर, म्हणजे व्याख्या असलेल्या फायली, बघ. एखाद्या आर्किटेक्चरचं हेडर एएसएम-जेनेरिक या सामाईक फोल्डरातल्या हेडरसारखंच असेल, तर ते काढून बिल्डच्या सूचनांच्या केबिल्ड फाइलमध्ये 'जेनेरिक-वाय'ची एक ओळ लिहिली की झालं. मोठ्या कामात मात्र मालिका कर: आधी सामाईक फंक्शन, मग एकेका आर्किटेक्चरचा वेगळा पॅच. प्रत्येक पॅचनंतर कर्नल बिल्ड झालंच पाहिजे. उद्या एस३९०वर काही बिघडलं तर बायसेक्ट, म्हणजे गिटमधली दोषी बदल शोधायची सोय, नेमक्या त्या पॅचपाशी थांबतं. दुसऱ्या प्रोसेसरसाठी कोड बिल्ड करणारे क्रॉस-कंपायलर उबुंटूत तयार मिळतात, आणि पॅच कोणाला पाठवायचा ते गेट-मेंटेनर स्क्रिप्ट सांगते. बिल्डसाठी आधी टायनी-कॉन्फिग, म्हणजे अगदी लहान कर्नलची मांडणी, वापर. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी लॅपटॉप तापून मंद होतो. मी पहाटे पाचला बिल्ड लावते.

एकेकदा मात्र विलीन करण्यापेक्षा काढून टाकणंच योग्य असतं. २०१८ मध्ये ४.१७ आवृत्तीतून वापरात न उरलेली आठ आर्किटेक्चर एकदम गेली. पण तो निर्णय नवख्याने घ्यायचा नसतो.

माझ्या त्या पॅचची तिसरी आवृत्ती स्वीकारली गेली. बॅरियरची ओळ आर्म६४मध्येच राहिली, वर तिच्या कारणाची तीन ओळींची टिप्पणी घेऊन.

सावद्याच्या मुलाने काल दोन हेडरचा डिफ पाठवला. "ताई, यातलं कोणतं काढू?" मी त्याला दोन्हींचा लॉग वाचायला सांगितलंय. रात्री त्याचा मेसेज आला: सातव्या कमिटपर्यंत पोचलोय, इथे एंडियनबद्दल, म्हणजे बाइटच्या क्रमाबद्दल, काहीतरी लिहिलंय.