लिनक्स सर्व्हरचा रेड अ‍ॅरे पडलाय? डेटा काढण्याआधी या चुका टाळा

सांगली-मिरजेचे दवाखाने, मार्केट यार्डातली अडत दुकानं, कुपवाड एमआयडीसीतले कारखाने, अशा सगळीकडून माझ्याकडे पडलेले सर्व्हर येतात. रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून एकाच मोठ्या डिस्कसारख्या वापरणं; त्या जोडलेल्या संचाला अ‍ॅरे म्हणतात. निव्वळ डिस्क खराब झाली म्हणून गेलेला डेटा त्यात थोडा असतो. डिस्क गेल्यावर घाबरून कुणीतरी कमांड मारली, त्यानं गेलेला जास्त. आणि कमांडही त्याच त्या.

क्रिएट मारणं

क्रिएट म्हणजे नवा अ‍ॅरे बनवायची कमांड. ही चूक बघितली की माझं डोकं फिरतं. रेड-5 एक डिस्क गेली तरी चालतं, पण दोन बाहेर पडल्या की लिनक्सवर रेड सांभाळणारा प्रोग्राम एमडीअ‍ॅडम अ‍ॅरे सुरू करायला नकार देतं. मग कुठल्यातरी जुन्या पोस्टमध्ये सापडतं, 'त्याच डिस्क घेऊन पुन्हा क्रिएट करा, डेटा तसाच राहतो.' कुठली डिस्क कितवी, चंक (एका डिस्कवर सलग लिहिला जाणारा तुकडा) केवढा, डेटा नेमका कुठून सुरू होतो, ही सगळी माहिती प्रत्येक डिस्कवर सुपरब्लॉक नावाच्या छोट्या नोंदीत असते. क्रिएट तो सुपरब्लॉकच नव्यानं लिहितं. जुन्या एमडीअ‍ॅडममध्ये डीफॉल्ट चंक 64 केबी होता, नंतर तो 512 केबी झाला. डेटा जिथून सुरू होतो तो ऑफसेटही आवृत्तीगणिक बदलत गेला. त्यामुळं जुन्या अ‍ॅरेवर आजचं क्रिएट मारलं की मांडणी जुळेलच याची काहीच खात्री नसते.

मार्केट यार्डातल्या एका हळद व्यापाऱ्याकडे असंच झालं होतं. चार डिस्कचा रेड-5, त्यावर सांबा (नेटवर्कवरच्या कॉम्प्युटरना फायली वापरायला देणारा प्रोग्राम), सांब्यावर सगळा हिशोब. एक डिस्क काही महिन्यांपूर्वीच बाहेर पडली होती. मेल अलर्ट लावलेला नव्हता, म्हणून कुणाला पत्ताच नाही. ऐन हंगामात लाईट गेली-आली, त्यात दुसरी डिस्क बाहेर पडली. सर्व्हर बघणाऱ्या पोरानं चारही डिस्क घेऊन क्रिएट मारलं. अ‍ॅरे सुरू झालेला दिसला आणि तो खूश झाला.

आत काय चाललं होतं बघा. रेड-5 नव्यानं बनवताना एमडीअ‍ॅडम शेवटची डिस्क स्पेअर (राखीव) धरतं आणि उरलेल्यांवरून हिशोब करून ती भरायला घेतं. उरलेल्यांमध्ये ती महिनोन्‌महिने शिळी झालेली डिस्क होती! म्हणजे मधल्या काळात जिथं जिथं काही बदललं होतं, तिथं तिथं चांगल्या डिस्कवर कचरा लिहिला जात होता. त्यात माउंट होईना (फायली उघडायला अ‍ॅरे जोडला जाईना) म्हणून त्यानं एफएसचेक (फाइल सिस्टीम तपासून दुरुस्त करणारी कमांड) लावलं, तेही प्रत्येक प्रश्नाला आपोआप 'हो' म्हणत. पहिला चंक पहिल्या डिस्कवर असतो. ती डिस्क योगायोगानं जागेवर होती, म्हणून एक्स्टफोर या फाइल सिस्टीमचा स्वतःचा वेगळा सुपरब्लॉक दिसला आणि एफएसचेक कामाला लागलं. पुढच्या डिस्कची अदलाबदल झालेली. चुकीच्या जागी चुकीच्या दुरुस्त्या होत राहिल्या.

मालकांचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज बसला होता. "साहेब, पाडव्यापासूनचे सौदे गेले काय?"

पहिलं काम म्हणजे मशीन बंद करायला लावलं. रीबिल्ड, म्हणजे ते डिस्क भरणं, अर्ध्यातच थांबलं, हे नशीब. ऑपरेटिंग सिस्टीम वेगळ्या डिस्कवर होती, तिच्या कर्नलच्या (सिस्टीमच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये अ‍ॅरे सुरू होतानाची नोंद सापडली. कुठली डिस्क कितवी, ते त्यात ओळीनं लिहिलेलं असतं. त्यावरून डिस्कच्या कॉपी काढून त्यांवर मांडणी जुळवली. मागच्या वर्षांचा हिशोब बऱ्यापैकी मिळाला. चालू हंगामाच्या फायली मात्र फाटक्याच निघाल्या. दिवाणजींनी कागदी हिशोबपट्ट्या काढून सगळं पुन्हा टाइप केलं. शेतकऱ्यांचे पैसे त्यावर अडकले होते, त्यामुळं ही नुसत्या फायलींची गोष्ट नव्हती.

माझी सवय सांगतो. प्रत्येक डिस्कवर मार्करनं नंबर, मग सुपरब्लॉक वाचून दाखवणाऱ्या एक्झामिन कमांडचं आउटपुट पेनड्राइव्हवर. त्यात इव्हेंट्सचा आकडा (बदलांची मोजणी) आणि अपडेट टाइम बघायचा. ज्याचा आकडा खूप मागे, ती डिस्क शिळी, ती बाजूला. थोडक्यानं मागे असलेली डिस्क चालते. मग ताज्या डिस्क घेऊन असेम्बल (आहे तोच अ‍ॅरे पुन्हा जोडणं), गरज पडली तर फोर्स लावून. फोर्ससुद्धा सुपरब्लॉकवर लिहितं, म्हणून तेही कॉपीवरच.

मूळ डिस्कवर प्रयोग करणं

"नवीन डिस्क कशाला? आधी बघू की निघतंय का!" हे वाक्य मी रोज ऐकतो. मला ते पटत नाही आणि पटणारही नाही. जेवढ्या डिस्क, तेवढी मोकळी जागा आणायची आणि डीडीरेस्क्यू या कॉपी करणाऱ्या प्रोग्रामनं प्रत्येकीची कॉपी काढायची. साधं डीडी नको, ते पहिल्याच खराब सेक्टरवर (डिस्कवरच्या छोट्या भागावर) थांबतं. डीडीरेस्क्यूला मॅप फाइल द्यायची, म्हणजे मध्येच लाईट गेली तरी जिथं थांबलं तिथून पुढं सुरू होतं. पहिल्या फेरीत सहज वाचता येईल तेवढं घ्यायचं, खराब भागाला हात लावायचा नाही. हट्टी सेक्टर शेवटी. पहिल्यापासूनच त्यांच्यावर झटत बसलात तर मरायला टेकलेलं हेड उरलेली डिस्क वाचायच्या आधीच जातं. कॉपीला रात्र लागली तर लागू दे. ज्यांना रात्रभर थांबवत नाही, त्यांनी या कामात पडूच नये.

माउंटही जपून. एक्स्टफोर नुसतं रीड-ओन्ली माउंट केलं तरी जर्नल (अर्धवट राहिलेल्या बदलांची नोंद) चालवून डिस्कवर लिहू शकतं. त्यासोबत नोलोड हा पर्याय द्यायचा. एक्सएफएस ही फाइल सिस्टीम असेल तर नोरिकव्हरी.

बाकीच्या नेहमीच्या चुका

लिनक्सनं दिलेल्या एसडीए, एसडीबी या नावांवर विसंबून डिस्क उपसू नका. रीबूटनंतर नावं बदलतात. सीरियल नंबर बघा.

बाहेर पडलेली प्रत्येक डिस्क मेलेली नसते. साटा केबल आणि पॉवरचा कनेक्टर आधी तपासा. डेस्कटॉपच्या साध्या डिस्क एखादा खराब सेक्टर वाचायला बराच वेळ झटत बसतात, कर्नल 30 सेकंदांत उत्तराची वाट सोडतो, आणि चालती डिस्क अ‍ॅरेबाहेर जाते. अशा डिस्क वापरायच्याच असतील तर कर्नलचा टाइमआउट 180 सेकंद करा.

डिस्क फ्रीजरमध्ये ठेवू नका. आत दव धरतं.

रेडला बॅकअप समजणं

सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट आहे. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेलं, 2021 मध्ये पुन्हा पूर आला. तळमजल्यावरच्या सर्व्हरमध्ये चार डिस्क असोत नाहीतर आठ, सगळ्या एकाच पाण्यात बुडतात. रेड फक्त डिस्क गेली तरी काम चालू ठेवतं. चुकून पुसलेली फाइल, व्हायरस, पूर यांत त्याचा काही उपयोग नाही.

भिजलेली डिस्क उन्हात किंवा हेअर ड्रायरनं वाळवू नका, तांदळात पुरू नका आणि काहीही झालं तरी पॉवर देऊ नका. गाळ आतल्या प्लॅटरवर (चकतीवर) सुकला की काम दुपटीनं अवघड होतं. ओलसर असतानाच हवाबंद पिशवीत घालून क्लीन रूम (धूळमुक्त खोली) असलेल्या लॅबला पाठवा. ते काम माझंही नाही, आणि गल्लीत डिस्क उघडून देणाऱ्याचं तर मुळीच नाही.

ज्यांचा अ‍ॅरे आज धडधाकट आहे, त्यांनी एमडीअ‍ॅडमच्या कॉन्फिगमध्ये स्वतःचा मेल पत्ता टाकून टेस्ट मेल येतो का ते आजच बघावं. एक्झामिनचं आउटपुटही छापून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवावं, आणि डिस्क बदलली की नवीन छापावं.