जिल्ह्यातल्या मानसशास्त्रज्ञांची संघटना कशी उभी करावी

संघटना काढायची म्हटलं की पहिला सल्ला मिळतो, 'आधी रजिस्ट्रेशन करून घ्या.' दुसरा, 'उद्घाटनाला मोठं नाव बोलवा.' दोन्ही सध्या बाजूला ठेवा. जिल्ह्याच्या गावी शाळेत, रुग्णालयात किंवा घराच्या पुढच्या खोलीत आपण एकेकटे बसून लोकांचं ऐकतो, आणि अडलं तर विचारायला कुणी नसतं. संघटना हवी ती एवढ्यासाठी. म्हणून सुरुवात दरमहाच्या केस चर्चेपासून करा, म्हणजे एकेकाने आपल्याकडच्या क्लायंटची अडचण मांडायची आणि बाकीच्यांनी त्यावर विचार करायचा.

माणसं जमवणं सोपं आहे. सहा-आठ जण पुरतात, महिन्यातला एक ठरलेला रविवार आणि दार लागणारी खोली. हॉटेलात भेटू नका, शेजारच्या टेबलावर कोण असेल सांगता येत नाही.

कोणाला घ्यायचं हे मात्र पहिल्याच दिवशी स्पष्ट करा. भारतीय पुनर्वसन परिषदेच्या (आरसीआय) १९९२च्या कायद्याखाली नोंदणी असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि एम.ए. करून समुपदेशन करणारे यांच्यात बरेचदा अढी असते. चर्चेला दोघेही हवेत, हे माझं ठाम मत. पाटीवर मात्र ज्याने त्याने आपल्याला हक्क आहे तेवढंच लिहायचं. नोंदणी नसताना 'क्लिनिकल' लावणाऱ्याला सदस्य करू नका, कितीही जवळचा असला तरी.

मला सर्वांत जास्त झगडावं लागलं ते पुढच्या टप्प्यावर: लोकांना अडलेल्या केसबद्दल बोलतं करणं. सुरुवातीला सगळे बरे झालेलेच क्लायंट सांगतात. कुणी धीर करून अडलेली केस मांडली, की ज्येष्ठांपैकी एखादे 'मी असतो तर...' म्हणून सुरू होतात. अर्धा तास व्याख्यान चालतं आणि केस मांडणारी नवी मुलगी पुढच्या महिन्यात फिरकत नाही. 'वातावरण मोकळं ठेवा' हा सल्ला इथे निरुपयोगी आहे. सरांनी आधी मत दिलं की आपल्याकडे त्यांच्यापुढे वेगळं मत कुणी मांडत नाही. यावर मला एकच उपाय लागू पडलेला दिसला, तो म्हणजे बोलण्याचा क्रम बांधून देणं.

पहिली अडलेली केस सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीने आणायची, आणि ती अजून सुटलेली नसावी. हे त्यांना आधी घरी जाऊन पटवा. चारचौघांत सांगितलंत तर मानापमान निघतात. केस मांडणाऱ्याने एकच प्रश्न घेऊन यायचं: 'चौथ्या सत्रानंतर हा मुलगा बोलेनासा झाला, माझ्या नजरेतून काय सुटतंय?' मांडणीला दहा मिनिटं, मग फक्त माहितीचे प्रश्न. त्यानंतर सर्वांत नवख्याने आधी बोलायचं आणि ज्येष्ठांनी शेवटी. मांडणाऱ्याने मध्ये खुलासे द्यायचे नाहीत, त्याला अखेरीस वेळ मिळतो. घड्याळ सांभाळणारा दर महिन्याला बदला, आणि त्याने हात वर केला की सरांनीही थांबायचं. यात सवलत देऊ नका. ज्येष्ठांना आदराने थांबवणं ज्याला जमलं, त्याच्याकडे उद्या सचिवपद निर्धास्त देता येतं. भाषणं चांगली करतो म्हणून कुणाला पद देऊ नका.

गोपनीयतेबद्दल तर मी अजिबात ऐकून घेत नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २३ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे. 'नाव गाळलं की झालं' म्हणणाऱ्यांनी लहान गावात काम केलेलं नसावं. 'पतसंस्थेच्या मॅनेजरची धाकटी मुलगी, यंदा बारावीला' एवढ्यावर अर्धी खोली ओळखते. व्यवसाय, गाव, भावंडं, जे उपचाराच्या दृष्टीने महत्त्वाचं नाही ते सगळं बदला. मांडणी सुरू होताच कुणाला ओळख पटली, तर त्याने कारण न सांगता बाहेर जायचं आणि कुणी विचारायचंही नाही. क्लायंटला पहिल्याच भेटीत सांगून ठेवा, की ओळख न देता मी सहकाऱ्यांचा सल्ला घेते, आणि त्यांची संमती घ्या. व्हॉट्सॲप ग्रुपवर बैठकीची तारीख टाकावी, केसबद्दल एक ओळही नाही.

कुणाच्या जिवाला धोका दिसत असेल तर मासिक बैठकीची वाट पाहायची नसते. मानसोपचारतज्ज्ञाला त्याच दिवशी गाठा. कोणत्या सदस्याला रात्री-अपरात्री फोन करता येईल, त्यांची यादी प्रत्येकाजवळ असू द्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक क्लायंटच्या घरच्यांकडेही हवा.

१० ऑक्टोबरच्या मानसिक आरोग्य दिनाचे कार्यक्रम करा, पण त्यासाठी चर्चेचा रविवार बुडवू नका.

वर्षभर बैठका टिकल्या की मग नोंदणी. १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याला किमान सात सभासद लागतात, आणि महाराष्ट्रात अशी संस्था १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही येते, त्यामुळे काम धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात असतं. कागदपत्रं जाणकार वकिलाकडून करून घ्या. संस्थेच्या घटनेत एक कलम मात्र स्वतः आग्रहाने घाला: अध्यक्षपद दोन वर्षांचं, लागोपाठ दुसऱ्यांदा नाही. मुदत संपलेल्या अध्यक्षाने चर्चेला यायचं, आपली पाळी आली की केस मांडायची. समिती बदलली की ९० दिवसांच्या आत चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची नोंद, त्याच कार्यालयात दाखल करा. तो राहिला तर दप्तरी जुनीच नावं राहतात आणि बँकेत नव्या खजिनदाराची सही चालत नाही.