कुकिंग क्लासची फी भरण्याआधी

शाळा सुटल्यावरच्या कुकिंग क्लासला मुलांना घालायचं असेल, तर आधी क्लास चालू असताना एकदा डोकावून या. ‘विना गॅस’च्या नावाखाली नुसतं बिस्किटांवर क्रीम थापणं चालू असेल, तर पैसे वाचवा. मुलांच्या हातात सुरी देतात का आणि कशी, ते बघायचं. चॉपिंग बोर्डखाली ओलं फडकं हवं, म्हणजे तो सरकत नाही. काकडी आधी उभी चिरून सपाट बाजू खाली ठेवायची, आणि धरलेल्या हाताची बोटं आत वळवलेली हवीत. बोथट सुरी मुलांना बरी, असं बऱ्याच आयांना वाटतं. उलट आहे! बोथट सुरीला जोर लावावा लागतो आणि तीच घसरते. छोटी, धार असलेली सुरी द्या आणि शेजारी मोठं माणूस राहू द्या. विळी मात्र इतक्यात नको.

दाण्याच्या कुटाची किंवा दुधाची ॲलर्जी असेल तर ती पहिल्याच दिवशी सांगा.

घरी सरावाला काकडीची कोशिंबीर उत्तम. फोडी वेड्यावाकड्या झाल्या तरी चालतात. कूट, लिंबू, चिमूटभर साखर मुलांनीच घालावी. मीठ अगदी वाढताना, नाहीतर पाणी सुटतं. मोहरी तडतडताना तेल उडतं, त्यामुळे फोडणी तुम्हीच द्या. हिरवी मिरचीही तुम्हीच चिरा, कारण मुलांचा हात हमखास डोळ्याला जातो.