शाळेला व्यापारी दराने वीजबिल येत होतं, ते कसं बदललं

हवेली तालुक्यातली आमची जिल्हा परिषदेची शाळा. चार वर्ग, आठ पंखे, एक संगणक. बिलावरचा ‘दर संकेत’ कधी वाचलाच नव्हता. वाचला तर एलटी (लघुदाब) २, म्हणजे वाणिज्यिक! सरकारी शाळांना एलटी ७ (ए), सार्वजनिक सेवा, हा दर असतो. खासगी शाळा ७ (बी) मध्ये येतात.

महावितरणकडे केलेली ऑनलाइन तक्रार दोनदा परस्पर बंद झाली. लेखी अर्जही परत आला. खडू-कागदाचे पैसे बिलात जाताना बघून जीव तुटायचा.

खरी गोम वेगळीच होती: मीटर जुन्या सरपंचांच्या नावावर. म्हणून आधी नावबदल, मगच दरबदल.

नावबदलाच्या अर्जाला इमारतीचा नमुना ८ चा उतारा (ग्रामपंचायतीच्या कर आकारणी नोंदवहीतला), शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, शेवटचं भरलेलं बिल जोडलं. नाव घेतलं ‘मुख्याध्यापक, जि. प. प्राथमिक शाळा’, व्यक्तीचं नाव घालू नका, बदली झाली की पुन्हा तेच. नव्या नावाचं बिल हातात आल्यावर दरबदलाचा वेगळा अर्ज, सोबत यू-डायस क्रमांकाचा (शाळेच्या सरकारी ओळख क्रमांकाचा) दाखला. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतलीच. तपासणीला आलेल्या वायरमनदादांना वर्ग दाखवले. पुढच्या बिलावर एलटी ७ (ए) आलं.