कड्यावरून पडणारा बोका : कार्टूनमधला आपटण्याचा गॅग घरच्या घरी फ्लिपबुकमध्ये कसा बनवायचा

कायोटी आणि रोडरनर, म्हणजे रोडरनर नावाच्या धावऱ्या पक्ष्यामागे कायम लागलेल्या कोल्ह्यासारख्या कायोटीचं कार्टून, बघताना आपल्याला वाटतं की तो धाडकन आपटतो म्हणून आपण हसतो, पण एकदा आवाज बंद करून नीट बघा, हसू आपटायच्या आधीच फुटलेलं असतं. तो कड्याच्या पुढे हवेत धावत जातो, थांबतो, पायाने खाली चाचपतो, मग सरळ आपल्याकडे बघतो, आणि त्या बघण्यातच आपल्याला कळतं की आता हा गेला. पडणं नंतरचं. म्हणून असा गॅग, म्हणजे हसवणारा छोटा प्रसंग, फ्लिपबुकमध्ये, म्हणजे पानं भराभर फिरवली की चित्र हलताना दिसतं अशा वहीत, बनवायचा असेल तर सगळी मेहनत त्या थांबण्यावर घ्यायची, आपटण्यावर नाही.

सामान फार लागत नाही. एक जाडसर स्टिकी नोट्सचं पॅड, शक्यतो पांढरं किंवा फिकट पिवळं, एक एचबी पेन्सिल, खोडरबर आणि शेवटी गिरवायला काळं पेन, बस. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच लक्षात ठेवा, चित्रं पॅडच्या मागच्या बाजूने सुरू करायची, म्हणजे पहिलं चित्र सगळ्यात खालच्या पानावर काढायचं, मग त्यावर वरचं एक पान पडू द्यायचं, खालचं चित्र अंधुक दिसतं त्यावरून पुढचं काढायचं, असं करत वर यायचं. अंगठ्याने फिरवताना पण मागून पुढे फिरवायचं. आणि चित्र पानाच्या खालच्या अर्ध्या भागातच ठेवा, कारण वरची बाजू चिकटलेली असते, तिकडे काढलेलं काही फिरवताना दिसतच नाही.

चित्र काढायला बसण्याआधी थोडं बघून घ्या. कॉम्प्युटरवर यूट्यूब असेल तर व्हिडिओ थांबवायचा आणि कीबोर्डवरच्या पूर्णविरामाच्या बटणाने एकेक फ्रेम, म्हणजे फिल्ममधलं एकेक स्थिर चित्र, पुढे जायचं, स्वल्पविरामाने मागे. टॉम अँड जेरी बघायचे असतील तर विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी एमजीएम स्टुडिओमध्ये 1940 ते 1958 मध्ये केलेले बघा, त्या 114 फिल्म्सपैकी 7 ना ऑस्कर मिळालंय आणि ते बघताना कळतं का मिळालंय. टॉम दाराआडून निघायच्या आधी अंग कसं मागे खेचतो, आपटल्यावर किती फ्रेम चपटाच राहतो, हे फ्रेम-फ्रेम करून बघण्यासारखं आहे. स्कॉट ब्रॅडलीचं संगीत टॉमच्या एकेका पावलावर बसवलेलं आहे, त्यामुळे एकदा डोळे मिटून नुसतं ऐकलं तरी चालतं, तो कुठे घसरला ते कानाला कळतं. आणि टॉमची ती भयंकर किंचाळी, ती खुद्द हॅनाच्या आवाजातली आहे.

आता तुमचं पात्र. टॉमची नक्कल काढू नका, स्वतःचा बोका काढा, डोकं म्हणजे एक गोल, अंग म्हणजे एक शेंगदाणा, कान दोन त्रिकोण, कारण तोच तुम्हाला चाळीसेक वेळा काढायचा आहे, अंगावर पट्टे काढलेत तर दहाव्या पानाला कंटाळाल. त्याला काहीतरी हवं असलं पाहिजे, पुढे उंदीर, मासा काहीही. 1949 मध्ये वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओमध्ये दिग्दर्शक चक जोन्सने कायोटी पहिल्यांदा पडद्यावर आणला, त्यानेच या जोडीचे काही नियम लिहून ठेवलेत आणि ते मला आजही सगळ्यात उपयोगी वाटतात : रोडरनर कायोटीला 'बीप बीप' करण्यापलीकडे काही इजा करत नाही, कायोटीचा मोठ्यात मोठा शत्रू म्हणजे गुरुत्वाकर्षण, आणि त्याला लागतं त्यापेक्षा त्याची फजिती जास्त होते. हा शेवटचा नियम तर पाठच करून ठेवा. बोका दुसऱ्या कोणीतरी मारल्यामुळे पडला तर बघणाऱ्याला वाईट वाटतं, स्वतःच्या हावरटपणामुळे पडला तर हसू येतं.

पानांचा हिशोब असा. सिनेमात सेकंदाला 24 फ्रेम असतात, पण कार्टूनमध्ये बऱ्याचदा एक चित्र दोन फ्रेम धरून ठेवतात, म्हणजे सेकंदाला 12 चित्रं, आणि अंगठ्याने बेताने फिरवलं की फ्लिपबुकचा वेगही साधारण तेवढाच पडतो. धावत येण्याला 8 पानं द्या, त्यातली पहिली 2 उलटी, म्हणजे बोका आधी मागे झुकतो, एक पाय वर घेतो, मग सुटतो. हे मागे झुकणं गाळलं तर तो धावल्यासारखा वाटतच नाही, कोणीतरी ढकलल्यासारखा वाटतो. कडा संपल्यावर 4 पानं तो हवेत तसाच धावत राहू दे, अगदी आत्मविश्वासाने.

मग थांबणं, याला 10 पानं. इथे सगळे घाई करतात. बोका तोच, जागा तीच, पण प्रत्येक पानावर जरा जरा बदल : आधी पाय थांबले, मग बुबुळं खाली गेली, मग कान हळूहळू पडले, मग बुबुळं आपल्याकडे वळली. शेवटच्या 3 पानांवर तर काहीच बदलायचं नाही, नुसतं गिरवायचं, हाताने गिरवताना रेघ थोडी थरथरते आणि तेवढ्यानेच तो जिवंत राहतो. भुवया फार वर चढवू नका, तोंड उघडू नका, त्याला फक्त कळलंय, अजून तो ओरडलेला नाही. मोठं कड्याचं चित्र, सूर्य, ढग यातलं काहीही या पानांवर नको, बघणाऱ्याची नजर डोळ्यांवरच राहिली पाहिजे.

इथून पुढे कट करा, म्हणजे एकदम दुसरं दृश्य घ्या, आणि वरून बघतोय असं दाखवा. हे काढायला सोपं आहे कारण खाली पडणं म्हणजे नुसतं लहान होत जाणं. जोन्सने याचं टायमिंग सांगून ठेवलंय, कायोटी दूर जाऊन दिसेनासा व्हायला 18 फ्रेम, आणि त्यानंतर 14 फ्रेमनी तो खाली आपटतो. आपल्या हिशोबाने 9 पानं आणि 7 पानं. पहिल्या पानावर बोका सुपारीएवढा, तिसऱ्या-चौथ्याला हरभऱ्याएवढा, सातव्याला मोहरीएवढा आणि नवव्याला ठिपका, म्हणजे आधी भराभर लहान होतो मग सावकाश. त्यानंतरची 7 पानं पूर्ण रिकामी, फक्त कड्याची कड कोपऱ्यात. लहान मुलांबरोबर करत असाल तर ती म्हणतील ही पानं वाया गेली, त्यांना एकदा पानं काढून फिरवून दाखवा आणि एकदा ठेवून, लगेच पटतं. मग 6 पानांत धुळीचा छोटासा लोट, छोटाच, खूप खालून आलेला.

वाटल्यास पुढे एक शॉट घाला, बोका पोळीसारखा चपटा झालाय. तेव्हा एवढंच बघायचं की जेवढा उंचीला कमी केला तेवढा रुंदीला वाढवायचा, नाहीतर तो चपटा न दिसता नुसता लहान झालेला दिसतो. 3 पानं चपटा ठेवा, मग एका पानावर नेहमीपेक्षा लांबुडका ताणा आणि पुढच्या पानावर पूर्ववत. स्फोटाचा गॅग करणार असाल तर जळक्या मिशा आणि धूर दाखवा. जुन्या कार्टूनमध्ये स्फोटानंतर तोंड काळं आणि ओठ जाड दाखवायचे, ती अमेरिकेत कृष्णवर्णीयांची केलेली टिंगल होती, ती आपल्या चित्रात अजिबात आणू नका, आणि मुलं ती जुनी कार्टून बघत असतील तर शेजारी बसून त्यांना हे सांगा.

सगळं पेनाने गिरवून झालं की मोबाईल एका जागी पुस्तकांच्या आधाराने ठेवून प्रत्येक पानाचा फोटो घ्या, कुठल्याही स्टॉप मोशन अ‍ॅपमध्ये, म्हणजे फोटो ओळीने जोडून व्हिडिओ करणाऱ्या अ‍ॅपमध्ये, टाका आणि वेग सेकंदाला 12 ठेवा. खिडकीपाशी न करता एका दिव्याखाली केलंत तर उजेड बदलत नाही. आवाजासाठी धावताना टेबलावर बोटं वाजवा, पडताना शीळ वरून खाली आणत न्या, त्या रिकाम्या पानांवर पूर्ण शांतता, आणि धुळीच्या पहिल्या पानावर उशीवर हलकेच एक थाप. मोठा धमाका टाकायचा मोह होतो पण टाकू नका, तो एवढ्या खोल पडलाय की आवाज बारीकच यायला हवा.

घरात कोणाला तरी दाखवा, काय होणार ते आधी सांगू नका आणि दाखवताना मोबाईलकडे नाही, त्यांच्या तोंडाकडे बघा. बोका आपल्याकडे बघतो तिथे ओठ हलले तर काम झालं. नाही हलले तर थांबण्यात अजून 2 पानं वाढवा, पडण्याला हात लावू नका. आणि धुळीनंतर हसू आलं पण उशिरा आलं, तर रिकाम्या 7 पानांतलं एक कमी करून परत दाखवा.