चिवड्याचे पोहे आकसू नयेत म्हणून

दिवाळीच्या चिवड्याचे पातळ पोहे भाजताना आकसतात, निम्म्यांचा चुरा होतो. इंदुरात या दिवसांत गच्चीवर छान कडक ऊन मिळतं, ते वापरा.

पोहे चाळून जुन्या सुती साडीवर पसरा, वरून मलमल झाका. 3-4 तास पुरतात. दोन पोहे चिमटीत धरून बघा, कुर्रकन मोडले की उचला. मग मंद आचेवर 4-5 मिनिटांत भाजून होतात. उलथनं घालू नका. फडक्याने कढईचे कान धरून पाखडल्यासारखी हलवा. फोडणी कोमट झाल्यावरच पोह्यांवर ओता.

लवंगी शेव मात्र डब्यात कालवू नका. आमच्याकडे एकदा कालवली आणि चार दिवसांत सगळ्या चिवड्याला लवंगेचाच वास! ती खाताना वरून घ्या.