टीका करायला निघालात? या चुका टाळा

पारावर पाणाड्याचा, म्हणजे जमिनीखालचं पाणी सांगणाऱ्याचा, विषय निघाला, की बी.एस्सी.ला गेलेलं एखादं पोरगं म्हणतं, "थोतांड आहे सारं." समोरचा विचारतो, "मंग आमच्या बोअरले पाणी कसं लागलं?" पोरगं गप्प. थोतांड हा शेरा झाला, टीका अजून सुरूच व्हायची आहे.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, नीट न मांडता खंडनाला बसणं. समजा, दहा ड्रम मांडले, एकात पाणी भरलं, सगळे पोत्यांनी झाकले. पाणाड्या चुकला, पोरांनी टाळ्या पिटल्या. तो शांतपणे म्हणतो, "ड्रमातलं पाणी मेलं असते, मी जित्या झऱ्याचं सांगतो." चाचणी वाया. आणि दोष त्याचा नाही. झऱ्याचा दावा तपासायला ड्रम मांडले कुणी?

म्हणून त्याचा दावा दोन ओळींत लिहा आणि त्यालाच वाचून दाखवा. "हो, हेच म्हणतो मी" असं येईस्तोवर खोडा, पुन्हा लिहा. सुतक, अमावास्या, पायातली चप्पल, ज्या ज्या सबबी नंतर निघू शकतात त्या आधीच विचारून टिपा. मग त्याच्याच पसंतीचं एक एकर वावर घ्या. त्यानं दाखवलेल्या जागी जमिनीसरशी खुंटी ठोकून वर माती सारा. अर्ध्या तासानं डोळ्यांवर दुपट्टा बांधून त्याला दुसऱ्या धुऱ्यावरून आत सोडा. एकच जागा सांगायची, आणि ती खुंटीपासून पाच फुटांच्या आत हवी. नुसत्या अंदाजानं हे जुळायची शक्यता साडेपाचशेत एक. खुंटी ठाऊक असलेला माणूस तेव्हा वावरात नको. त्याच्या थबकण्यावरूनही इशारा जातो. एवढा खटाटोप नको असेल, तर टीकाही करू नका.

आणि लागलेल्या पाण्याचं काय? काळ्या पाषाणाच्या मुलखात झिजलेल्या थरात नि भेगांत पाणी असतंच. ज्या गावात बहुतेक बोअरना पाणी लागतं, तिथं एका बोअरनं काही सिद्ध होत नाही. कोरड्या गेलेल्या बोअरची यादी मागा.

दुसरी चूक विज्ञानाचा तत्त्वज्ञ कार्ल पॉपर अर्धा वाचलेल्यांची: एक अपवाद दिसला, की सिद्धांत मेला. युरेनस न्यूटनच्या गणितानं चालेना, तेव्हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ल व्हेरिएनं पलीकडे आणखी एक ग्रह असावा म्हटलं. ही पळवाटच वाटली असती. पण त्यानं आकाशातली जागा सांगितली, आणि 1846 मध्ये बर्लिनच्या वेधशाळेतल्या गालेला तिथून अंशभराच्या आत नेपच्यून सापडला. बुध चुकायला लागल्यावर त्यानं तीच युक्ती केली, व्हल्कन नावाचा ग्रह कल्पला. तो कधीच सापडला नाही. बुधाच्या कक्षेतला शतकामागे 43 विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग) तो फरक 1915 मध्ये आइन्स्टाइनच्या सिद्धांतानं सुटला. सबब दोन्ही वेळा एकच होती, आणि दोन्ही वेळा ती तपासता येत होती. "त्या दिवशी कुणाची तरी नजर लागली" ही सबब कुठं तपासाल?

बाकीच्या चुका किरकोळ, पण रोजच्या. "तू कोण सांगणारा?" यानं दावा जागचा हलत नाही. शब्द फिरवणं म्हणजे न्याय या जुन्या तर्कशास्त्रातला वाक्छल: संस्कृतात 'नव' म्हणजे नवा आणि नऊही; कुणी 'नवकंबल' म्हटलं नव्या घोंगडीला, तर शब्द फिरवणाऱ्याला नऊ घोंगड्या हव्यात.

"मग तुमचं म्हणणं काय ते सांगा" या आग्रहाला मात्र भुलू नका. समोरच्याचा पुरावा अपुरा आहे हे दाखवायला तुमच्याकडे पाणी शोधायची दुसरी रीत असावीच लागते असं नाही. परंपरा ज्याला विदर्भाचा मानते तो बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुन 'विग्रहव्यावर्तनी' या ग्रंथात हेच म्हणतो: माझी प्रतिज्ञाच (म्हणजे मांडलेला दावाच) नाही, मग तिचा दोष मला कसा लागेल?